स्मर्फ पुतळ्यांचा संग्रह

बेल्जियन चित्रकथाकार पेयो (मूळ नाव प्येर क्युलिफोर, १९२८–९२) यांनी निर्मिलेल्या ‘स्मर्फ’ या निळ्या बुटक्यांच्या, सामान्यतः पाच ते साडेपाच सेंमी. उंचीच्या, पीव्हीसीमध्ये घडविलेल्या व हाताने रंगविलेल्या पुतळ्या जमविण्याचा आणि त्यांचे वर्गीकरण व कालनिश्चिती करण्याचा छंद. व्यंगचित्रांतील पात्रांच्या छोट्या पुतळ्या जमविण्याच्या यूरोपीय छंदांत हा सर्वाधिक पद्धतशीरपणे विकसित झालेला प्रकार मानावा लागतो. कारण येथे प्रत्येक पुतळीला उत्पादकाचा क्रमांक असून तिच्या अंगावरच तिच्या उगमाच्या खुणा आढळतात.

स्मर्फ हे पात्र २३ ऑक्टोबर १९५८ रोजी ‘स्पिरू’ या बेल्जियन साप्ताहिकात, मध्ययुगीन पार्श्वभूमीच्या दुसऱ्याच एका चित्रमालिकेतील दुय्यम पात्र म्हणून प्रथम अवतरले. मूळ फ्रेंच नाव ‘श्ट्रुम्फ’ असे आहे. जेवताना पेयो यांना ‘मीठ’ हा शब्द आठवेना, तेव्हा त्यांनी सहकारी चित्रकार आंद्रे फ्रांकँ यांच्याकडे ‘श्ट्रुम्फ’ मागितले आणि पुढे दोघे त्याच शब्दाशी खेळत राहिले, अशी या नावाची प्रसिद्ध कथा आहे. ‘स्मर्फ’ हे रूप डच भाषांतरातून आले व तेच इंग्रजीत रूढ झाले. जर्मनमध्ये ‘श्लुम्फ’ म्हणतात. जुन्या पुतळ्यांच्या व्यवहारात ही तिन्ही नावे भेटत असल्याने संग्राहकाला ती ठाऊक असणे आवश्यक ठरते.

पहिली पुतळी कोणती, याविषयी मतभेद आहेत. साप्ताहिकाचे प्रकाशक द्युप्वी यांनी १९५९च्या सुमारास काही पुतळ्या काढल्या होत्या आणि काही अभ्यासक छंदाचा आरंभ तेथून मोजतात. दुसऱ्या मतानुसार १९३५ मध्ये स्थापन झालेल्या श्लाइख या जर्मन कंपनीने १९६५च्या सुमारास स्मर्फ पुतळ्या घडविण्यास सुरुवात केली, तोच खरा आरंभ होय. द्युप्वी यांच्या पुतळ्या कालदृष्ट्या आधीच्या आहेत, हे निर्विवाद आहे. परंतु क्रमांकबद्ध व वर्षानुवर्षे वाढत जाणारी मालिका श्लाइखपासूनच मिळते आणि ‘संग्रह’ या शब्दाला अपेक्षित असलेली पूर्णतेची ओढ अशा मालिकेशिवाय निर्माण होत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७०च्या दशकात काही काळ बुली या दुसऱ्या जर्मन कंपनीनेही या पुतळ्या काढल्या. तिचे साचे व रंगछटा वेगळ्या असल्याने ‘बुली’ हा संग्राहकांच्या दृष्टीने स्वतंत्र गट ठरतो.

कालनिश्चिती हा या छंदातील सर्वांत कठीण भाग आहे. पुतळीच्या पाठीवर, पायाखाली किंवा बैठकीवर उत्पादकाचे नाव, पेयो यांच्या स्वामित्वाची खूण, बहुधा एक वर्ष आणि उत्पादनाचा देश उठावाच्या अक्षरांत असतो. येथे नवख्या संग्राहकाची हमखास फसगत होते. ते वर्ष साचा किंवा आकृती यांच्या स्वामित्वाचे असते, ती विशिष्ट पुतळी घडविल्याचे नव्हे. एकच साचा अनेक वर्षे वापरला जाई. म्हणून ‘१९७८’ असा ठसा असलेली पुतळी बऱ्याच नंतरचीही असू शकते. अशा वेळी देशाचे नाव अधिक उपयोगी पडते. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख ऑक्टोबर १९९०च्या एकीकरणापूर्वीच्या साच्याकडे निर्देश करतो. मात्र जुना साचा न बदलता वापरला गेला असण्याची शक्यता तेथेही उरतेच. हाँगकाँग, पोर्तुगाल, श्रीलंका व चीन ही नावेही आढळतात. अमेरिकेत वॉलेस बेरी या कंपनीने विकलेल्या पुतळ्यांवर तिचे नाव असते.

काही पुतळ्यांच्या पायांवर रंगाचा एक बारीक ठिपका असतो. तो रंगकाम कोठे झाले हे दाखवितो, असे एक मत आहे; ब्रिटनमध्ये रंगातील शिशाविषयी शंका निर्माण झाल्यावर सुरक्षित रंगाची खूण म्हणून तो आला, असे दुसरे. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. एकाच खुणेने दोन्ही कामे साधली असणे शक्य आहे. असा ठिपका मळ समजून खरवडून काढणे म्हणजे पुतळीचा दाखलाच पुसून टाकणे होय.

नेहमीच्या पुतळ्यांना ‘२०’ने सुरू होणारे पाच अंकी क्रमांक असून, सुट्या साहित्यासह खोक्यात मिळणाऱ्या मोठ्या संचांना ‘सुपर स्मर्फ’ म्हणतात. अशा संचांत मूळ खोके व एखादे इवलेसे वल्हे शाबूत असण्यावर किंमत अवलंबून असते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील ‘नॅशनल’ पेट्रोल पंपांवर झालेली विक्री आणि १९८१ पासून अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखविली गेलेली हॅना-बार्बेरा यांची सचेतपट मालिका यांमुळे प्रसार झपाट्याने झाला.

जतनाच्या दृष्टीने पीव्हीसी हे अवघड द्रव्य आहे. त्याला मऊपणा आणणारी प्लॅस्टिसायझर द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात व पुतळी चिकट लागते. पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकच्या पेटीला ती दीर्घकाळ टेकून राहिल्यास पेटीचा पृष्ठभागही मऊ पडतो. उन्हाने टोपीचा पांढरा रंग पिवळसर होतो. सौम्य साबणाचे कोमट पाणी पुरेसे असते, द्रावके मात्र कटाक्षाने टाळावीत.

याच्याशी साम्य असलेला पण वेगळा छंद म्हणजे इटलीतील फेरेरो कंपनीच्या चॉकलेट-अंड्यांतील (१९७४ पासून) खेळणी जमविणे. जर्मनीत त्यालाही मोठा संग्राहकवर्ग आहे. या कंपनीचे ‘किंडर जॉय’ पुणे जिल्ह्यातील बारामती येथील कारखान्यात तयार होते.