प्रिंट येत नसेल तर कृपया ड्रायव्हर टाकू नका

ईआरपीतून थेट लेबल, चलन आणि इन्व्हॉइस छापणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भोसरी, चाकण आणि रांजणगाव येथील ज्या कारखान्यांत आम्ही ईआरपीतून (कारखान्याचा माल व हिशेब सांभाळणाऱ्या संगणक-प्रणालीतून) थेट प्रिंटरवर छपाईची व्यवस्था बसवून दिली आहे, तेथून येणाऱ्या फोनपैकी निम्म्याहून अधिक फोनची सुरुवात एकाच वाक्याने होते: "प्रिंट येत नव्हती म्हणून आमच्या मुलाने ड्रायव्हर टाकला, आणि आता लेबल सरकून येते." मदत करण्याची त्या मुलाची इच्छा चांगलीच असते. परंतु मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, टाकल्यामुळे त्याचे तीन-चार तास होतात. म्हणून ही सर्व माहिती एकदा नीट लिहून द्यावी असे आम्हाला वाटले.

आपल्या व्यवस्थेत ईआरपी आणि प्रिंटर यांच्यामध्ये विंडोजचा प्रिंटर कोठेही नाही. डिस्पॅचच्या माणसाने बटण दाबले की मजकूर आमच्या छपाई सर्व्हरकडे येतो, तेथे तो त्या प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत तयार होतो आणि नेटवर्कवरून थेट प्रिंटरच्या 9100 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरील त्याच्या ठरलेल्या दारावर, जातो. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरसाठी ही भाषा झेडपीएल असते, टीएससी कंपनीच्या प्रिंटरसाठी टीएसपीएल, आणि कार्बन कॉपीसाठी ठेवलेल्या डॉट मॅट्रिक्ससाठी ईएससी-पी. कार्यालयातील लेझर प्रिंटरला आम्ही पीडीएफ पाठवतो, तीही 631 पोर्टवर आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) पद्धतीने, कारण त्या पद्धतीत कागद संपला किंवा झाकण उघडे राहिले तर प्रिंटर आम्हाला उलट निरोप देतो. ज्यांनी डॉसच्या काळात एलपीटी-1 या प्रिंटर केबलच्या जोडणीवर थेट मजकूर सोडून बिले छापली आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. तत्त्व तेच आहे, फक्त केबलच्या जागी नेटवर्क आले आहे.

आता ड्रायव्हर टाकल्यावर नेमके काय बिघडते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे अनेक लेबल प्रिंटर 9100 पोर्टवर एका वेळी एकाशीच बोलतात. संगणकावर ड्रायव्हर टाकून कोणी चाचणी पान सोडले आणि ते विंडोजच्या रांगेत अडकून राहिले, तर तो संगणक प्रिंटरची लाइन धरून बसतो आणि आमच्या सर्व्हरकडून आलेली लेबले मागे ताटकळत राहतात. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. ड्रायव्हर केवळ चित्र पाठवत नाही, तर लेबलची रुंदी, छपाईचा वेग, काळेपणा, फाडण्याची किंवा सोलण्याची पद्धत आणि दोन लेबलांमधील फट ओळखायची की काळी खूण, याविषयीच्या स्वतःच्या आज्ञाही पाठवतो. यांतील काही आज्ञा प्रिंटर बंद करेपर्यंत टिकतात आणि काही कायमच्या साठवल्या जातात, त्यामुळे नंतर ड्रायव्हर काढून टाकला तरी प्रिंटर पूर्वीसारखा होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे आमची झेडपीएल फाइल त्या ड्रायव्हरमधून पाठवून पाहणे. तेव्हा लेबलऐवजी आज्ञाच अक्षरांत छापल्या जातात, आणि टोपीसारख्या चिन्हांनी भरलेल्या ओळींची दहा-बारा लेबले वाया जातात.

चाकणमधील एका कारखान्यात मार्चअखेरीस घडलेला प्रसंग येथे सांगणे योग्य ठरेल. रात्री साडेअकराला फोन आला, गाडी गेटवर भरून उभी होती, आणि प्रत्येक छापलेल्या लेबलनंतर दोन कोरी लेबले बाहेर येत होती. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा प्रिंटरखाली कोऱ्या लेबलांची हातभर लांब पट्टी लोळत होती आणि रिबनचे अर्धे रीळ फुकट गेले होते. दुपारी सफाईच्या वेळी प्रिंटर हलवताना त्याची केबल शेजारच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली गेली होती, त्यामुळे त्याला वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) मिळाला आणि सर्व्हरला तो सापडेना. एवढेच मूळ कारण होते. परंतु दरम्यान दोन संगणकांवर दोन वेगवेगळे ड्रायव्हर टाकले गेले होते, आणि त्यांपैकी एकाने लेबलची लांबी व फट ओळखण्याची पद्धत बदलून ठेवली होती. केबल जागेवर लावायला दोन मिनिटे लागली. सेटिंग पूर्ववत करून, कॅलिब्रेशन करून (प्रिंटरला लेबलची लांबी व फट पुन्हा ओळखायला लावून) आणि बारकोड स्कॅनरने तपासून गाडी सोडेपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

म्हणून प्रिंट येईनाशी झाली तर सर्वप्रथम प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन लेबल काढावे. त्यावर आयपी पत्ता छापलेला असतो. प्रिंटरच्या बाजूला आम्ही जो पिवळा स्टिकर लावला आहे त्यावरील पत्त्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील तर केबल कोणत्या सॉकेटमध्ये आहे ते पाहावे, आणि सॉकेट बरोबर असूनही पत्ता बदललेला असेल तर आपल्या आयटी विभागाला कळवावे. पत्ता जुळत असूनही छपाई होत नसेल तर प्रिंटर थांबवलेला आहे का, रिबन संपली आहे का आणि प्रिंटहेड नीट बंद आहे का एवढेच पाहावे. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात आणि तिच्यामुळे कोणतेही सेटिंग बदलत नाही.

पत्ता बदलू नये यासाठी आम्ही प्रत्येक प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या कायमच्या हार्डवेअर क्रमांकावर, डीएचसीपी आरक्षण मागतो, म्हणजे नेटवर्क त्याला नेहमी तोच आयपी पत्ता देते. काही ठिकाणी हा आमचा हट्ट समजला जातो, परंतु आरक्षण झाल्यावर वीज गेली किंवा नेटवर्क पुन्हा सुरू झाले तरी प्रिंटर त्याच पत्त्यावर सापडतो, आणि रात्रीच्या शिफ्टला कोणालाही उठवावे लागत नाही.

वरचेवर विचारला जाणारा दुसरा प्रश्न म्हणजे "माझ्या लॅपटॉपवर हा प्रिंटर का दिसत नाही?" तो मुद्दामच दिसू दिलेला नाही. 9100 पोर्टला पासवर्ड नसतो, नेटवर्कवरील कोणीही तेथे काहीही पाठवू शकतो आणि सेटिंगही बदलू शकतो, म्हणून आम्ही डिस्पॅचचे प्रिंटर वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवून तेथे केवळ छपाई सर्व्हरला प्रवेश देण्याची विनंती करतो. एखाद्याला खरोखरच अधूनमधून एखादे लेबल छापायचे असेल तर आमच्या वेबपानावरून ते छापता येते, आणि ते कोणी, केव्हा छापले याची नोंदही राहते.

ड्रायव्हर टाळणे ही केवळ आमची सोय नाही. जुलै 2021 मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागातील) प्रिंटनाइटमेअर नावाची त्रुटी गाजली, आणि ऑगस्ट 2021 च्या अपडेटनंतर ड्रायव्हर टाकण्यासाठी अॅडमिनचे अधिकार लागू लागले. त्या आठवड्यांत अनेक कार्यालयांची छपाई अडली, परंतु ज्या ठिकाणी मध्ये ड्रायव्हरच नव्हता तेथील डिस्पॅचला त्याची झळ बसली नाही. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे धोरण जाहीर केले. अॅपलने ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या एअरप्रिंट पद्धतीच्या रूपाने 2010 मध्येच हा रस्ता धरला होता. ड्रायव्हरशिवाय छपाईची जी दिशा आपल्याकडे आजच चालू आहे तिच्याकडेच हे क्षेत्र वळत आहे.

प्रिंटर बदलताना मात्र आम्हाला आधी सांगावे, कारण ड्रायव्हर नसल्यामुळे मॉडेलमधील फरक सांभाळून घेणारे मध्ये कोणी नसते. झेडपीएलमध्ये मापे ठिपक्यांत लिहिलेली असतात. 203 डीपीआयच्या (एका इंचात 203 ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरवर एका मिलिमीटरला 8 ठिपके पडतात, तर 300 डीपीआयच्या प्रिंटरवर जवळजवळ 12. त्यामुळे 203 साठी तयार केलेले लेबल 300 च्या प्रिंटरवर दोन-तृतीयांश आकाराचे होऊन एका कोपऱ्यात छापले जाते. नजरेला ते फक्त लहान दिसते, परंतु त्यावरील क्यूआर कोड आपल्या ग्राहकाच्या गेटवरील स्कॅनरने वाचला नाही तर अख्खी खेप परत येऊ शकते. आम्हाला एक दिवस आधी कळले तर आम्ही साचा बदलून, छापून आणि स्कॅन करून देतो. कार्यालयासाठी लेझर प्रिंटर घेतानाही मॉडेल क्रमांक आधी कळवावा, कारण काही स्वस्त मॉडेल ड्रायव्हरशिवाय छापूच शकत नाहीत, आणि पीडीएफ न समजणाऱ्या प्रिंटरला ती थेट पाठवली तर अगम्य चिन्हांची पानेच्या पाने निघत राहतात.

मराठी मजकुराविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक लेबल प्रिंटरमधील अंगभूत फाँट जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळवत नाहीत, म्हणून देवनागरी ओळी आम्ही सर्व्हरवर चित्र करून पाठवतो. अशा लेबलला छपाईस क्षणभर अधिक लागतो, तो बिघाड नव्हे.

सॅप ही ईआरपी वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की एसपी01 या छपाईच्या जॉबची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये जॉब पूर्ण झाल्याचे दिसते याचा अर्थ सॅपने तो पुढे सोपवला एवढाच असतो, कागद बाहेर आला असा नसतो. स्क्रीनवर पूर्ण दिसते आणि प्रिंटरजवळ काही नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबले जाते, आणि प्रिंटर सुरू होताच एकाच इन्व्हॉइसचे सहा संच निघतात. मालाच्या जीएसटी इन्व्हॉइसच्या तीन प्रती असतात, पहिली खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी आपली. गठ्ठ्यातून चुकीची प्रत गाडीबरोबर गेली तर निस्तरायला वेळ जातो. या तिन्ही प्रती आम्ही एकाच जॉबमध्ये, योग्य शीर्षकांसह पाठवतो, त्यामुळे बटण एकदाच दाबावे आणि शंका आल्यास आमच्या वेबपानावरील रांग पाहावी.

वार्षिक देखभाल करारातील ग्राहकांकडे आम्ही वर्षातून दोनदा येऊन प्रत्येक प्रिंटरचे सेटिंग मूळ नोंदीशी ताडतो. ज्यांच्याकडे दिवसाला दोनशेहून अधिक लेबले निघतात त्यांनी एक राखीव प्रिंटर ठेवावा असे आमचे मत आहे. तो आमच्याकडून घेतला पाहिजे असे मुळीच नाही, कोठूनही घेतला तरी आम्ही तो करारातच तयार करून, पिवळा स्टिकर लावून देतो, आणि मुख्य प्रिंटर बंद पडल्यास आम्हाला एक फोन केला की सर्व्हरवरून छपाई त्या प्रिंटरकडे वळवली जाते.

फोन करताना कॉन्फिगरेशन लेबल हातात ठेवावे, छपाई शेवटची केव्हा झाली ते सांगावे, आणि त्यानंतर कोणी प्रिंटर हलवला, रोल बदलला किंवा संगणकावर काही टाकले असल्यास तेही मोकळेपणाने सांगावे. कोणाची चूक झाली हे आम्ही विचारत नाही. काय बदलले एवढे कळले की बहुतेक वेळा आम्हाला तेथे येण्याचीही गरज पडत नाही, फोनवरच गाडी सुटते.