संधिवाताच्या औषधाची जाहिरात: तक्रारअर्ज फेटाळला का जातो आणि सोबत काय जोडायचं

परत आलेले तक्रारअर्ज घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांत एकच वाक्य असतं: 'तीन महिने औषध घेतलं, गुण आला नाही.' त्यावर उत्तर ठरलेलं. गुण प्रकृतीनुसार येतो, प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे फाइल बंद. गुडघे धरून जिने चढून गेलेल्या माणसाला असं दोन ओळींत वाटेला लावतात, याचा मला दर वेळी संताप येतो. पण अर्ज चुकीच्या जागी बोट ठेवतो, हेही खरं.

तक्रार करायची ती जाहिरातीतल्या शब्दांची. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या कलम ३ नुसार अनुसूचीतल्या ५४ आजारांवर उपचार म्हणून जनतेसाठी औषधाची जाहिरात करताच येत नाही. त्या यादीत संधिवात आहे. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न इथे येतच नाही. त्यामुळे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवा: 'संधिवात मुळापासून बरा', जे छापलं असेल ते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास कैद वर्षापर्यंत.

मेख अशी की जाहिरातदारांनाही ही यादी पाठ असते. ते 'संधिवात' लिहीत नाहीत, 'सांधेदुखी' किंवा 'गुडघ्यांची कुरकुर' लिहितात. तेव्हा कलम ३ वर अडून बसू नका, कलम ४ लिहा. औषधाच्या गुणाबद्दल खोटा दावा किंवा चुकीचा समज करून देणारी जाहिरात त्यात येते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या ॲलोपॅथी औषधांचा नियम वेगळा. डायक्लोफेनॅक, मेथोट्रेक्सेट ही अनुसूची एच मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतली औषधं. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांची जाहिरात करता येत नाही. मात्र डायक्लोफेनॅकची गोळी यात येते, वरून लावायचा जेल येत नाही. टीव्हीवरच्या जेलच्या जाहिरातीविरुद्ध या नियमाचा आधार घेतलात तर अर्ज टिकणार नाही.

तक्रार कोणीही करू शकतं. रुग्ण असण्याची किंवा औषध विकत घेतलेलं असण्याची अट नाही. महाराष्ट्रात अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे द्या आणि पोच घ्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावरही नोंदवता येते.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे अडतात ती गोष्ट. एक आजोबा कात्रण घेऊन आले होते. कडा कात्रीने सरळ कापून, कार्डावर चिकटवून, जपून आणलेलं. त्या नीटनेटकेपणात वर्तमानपत्राचं नाव, तारीख, आवृत्ती सगळं कापलं गेलं होतं. जाहिरात कधी, कुठे आली हेच सिद्ध होईना. मला फार वाईट वाटलं. तेव्हा अख्खं पान ठेवा. टीव्हीची असेल तर वाहिनी, तारीख आणि वेळ लिहा. मोबाइलवरची असेल तर स्क्रीनशॉटमध्ये पानाचं नाव आणि तारीख दिसू द्या. नुसता पुढे ढकललेला फोटो कोणी छापला हे सांगत नाही.

औषध घेतलं असेल तर वेष्टन फेकू नका. उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक तिथेच असतात. न उघडलेलं एखादं पाकीट असेल तर तसंच ठेवा, कारण फोडलेल्या पाकिटावर 'यात नंतर काही मिसळलं असेल' असा आक्षेप लगेच येतो. बिल बहुतेकांकडे नसतंच. घरपोच मागवलं असेल तर पैसे भरल्याचा बँकेचा उतारा आणि पार्सलवरचा पत्ता जोडा.

पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर वाट निराळी: जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मात्र तुम्ही स्वतः ग्राहक असायला हवं, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ही मुदत कंपनीशी शेवटचं बोलणं झालं तेव्हापासून मोजू नका. हेल्पलाइनवर नोंद केली म्हणजे आयोगात दावा दाखल झाला, असंही नाही. याच गैरसमजात लोक दोन वर्षं घालवतात.

लेबल नसलेली पुडी घेऊन दोनच दिवसांत दुखणं पळालं असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. अर्जात तसं लिहून औषध निरीक्षकांनी नमुना घ्यावा अशी मागणी करा. ती पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर रागाच्या भरात एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावलेली असते, आणि अचानक थांबवल्याने जिवावर बेतू शकतं. आधी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तरी चालतो.

त्रास झाला असेल तर औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे.