जहाजीची अपंगत्व-भरपाई (आजाराच्या कारणाचा वाद)

व्यापारी जहाजावर नोकरी करताना जडलेल्या आजारामुळे पुन्हा समुद्रावर जाणे अशक्य झाल्यास जहाजीने मालकाकडे मागायची भरपाई. विंचमध्ये (दोर ओढण्याच्या यंत्रात) हात सापडला तर कारणाविषयी फारसा वाद होत नाही. हृदयविकार, मणक्याचे दुखणे, मूत्रपिंडाचा आजार यांत मात्र ‘कामातून झाला’ आणि ‘आधीपासूनच होता’ या दोन म्हणण्यांत दावा वर्षानुवर्षे अडकतो.

उपचार आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार जहाजावर आजारी पडलेल्याच्या उपचाराचा खर्च मालकाचा; देशाने त्याला मुदत घातली तरी ती 16 आठवड्यांपेक्षा कमी असता कामा नये. आजार कामातूनच झाला हे इथे सिद्ध करावे लागत नाही. भरतीच्या वेळी जाणूनबुजून लपवलेले दुखणे मात्र यातून वगळता येते. दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईसाठी कामाशी संबंध दाखवावाच लागतो. कंपनीने अँजिओप्लास्टीचे बिल भरले म्हणजे तिने कारणही मान्य केले, असे घरची माणसे धरून चालतात आणि इथेच फसतात.

भारतात या दाव्यांचा पाया 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. आवाजामुळे आलेले बहिरेपण तीत होते, हृदयविकार नव्हता. यादीबाहेरच्या आजारात कामाचा ताण किंवा श्रम आणि आजार यांचा धागा जहाजीलाच जोडून दाखवावा लागतो. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या मॅकिनन मॅकेन्झी खटल्यात छातीत दुखत असल्याची तक्रार केलेला एक खलाशी प्रवासात जहाजावरून बेपत्ता झाला होता. तो नोकरीवर होता, एवढे पुरेसे नाही. मृत्यू नोकरीच्या कारणाने झाला असा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा हवा, असे म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. उलट 2012 मध्ये, लांबच्या फेरीवर असताना कोसळून मेलेल्या ट्रकचालकाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ड्रायव्हिंगचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध मान्य केला. जहाजींचे वकील आज या दुसऱ्या निकालाचा आधार घेतात, आणि तो रास्तच आहे.

पुराव्याची अडचण मोठी आहे, कारण तो बहुतेक कंपनीच्या हाती असतो. जहाजावरची वैद्यकीय नोंद, कॅप्टनने किनाऱ्यावरच्या डॉक्टरला पाठवलेले संदेश, वॉचचे (कामाच्या पाळ्यांचे) तक्ते यांतले काहीच साइन ऑफ होताना, म्हणजे जहाज सोडताना, सोबत मिळत नाही. एक कागद मात्र हक्काचा आहे. किमान विश्रांती 24 तासांत 10 तास आणि आठवड्यात 77 तास, असा नियम आहे. तिच्या नोंदीची सही केलेली प्रत जहाजीला मिळालीच पाहिजे. पुष्कळ जण ती जपून ठेवत नाहीत.

बडोदे समुद्रापासून आत असले तरी संस्थानाचा समुद्राशी संबंध होता: ओखामंडळ गायकवाडांकडे होते आणि ओखा बंदर सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीत उभे राहिले. आज दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरातला इंजिनिअर जहाजावरून उतरला की मुंबईहून रात्रीच्या गाडीने घरी येतो आणि सकाळी ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. तिथे केसपेपरवर सवयीने ‘जुना बीपी’ असे लिहिले जाते. जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत त्याला ‘फिट’ ठरवलेले असते. तरीही ‘जुना बीपी’ या दोन शब्दांवर विमा क्लबचा (जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्थेचा) सगळा बचाव उभा राहतो. त्रास कधी, कोणत्या कामावर असताना सुरू झाला, हे पहिल्याच केसपेपरवर यायला हवे.

फिलिपिन्समध्ये, जिथे असे खटले फार मोठ्या संख्येने चालतात, परतल्यावर तीन कामाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरकडे हजर व्हावे लागते. तिथल्या प्रमाण करारात यादीबाहेरचा आजारही कामाशी संबंधित असल्याचे गृहीत धरतात, पण ते खोडून काढता येते. कंपनीच्या आणि जहाजीच्या डॉक्टरांचे मत जुळले नाही तर दोन्ही पक्षांच्या संमतीने निवडलेल्या तिसऱ्याचे मत अंतिम असते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या करारांतही तिसऱ्या डॉक्टरची तरतूद आहे, आणि 50 टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास जहाजीला समुद्रावरच्या कामासाठी कायमचा अपात्र धरून पूर्ण भरपाई देतात.

भारतीय कायद्यात प्रश्न कमाईची क्षमता किती गेली याचा असतो. डावा हात गमावलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये संपूर्ण मानले, कारण सुतारकाम त्याला उरले नव्हते. स्टेंट बसवलेला सेकंड इंजिनिअर किनाऱ्यावर कारकुनी करू शकेल, म्हणून त्याचे अपंगत्व अर्धवट, असे कंपनी म्हणते तेव्हा हाच निकाल पुढे करायचा.

1923 च्या कायद्याखाली दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. सबळ कारण असल्यास भरपाईचे दावे ऐकणारा आयुक्त उशीर माफ करू शकत असे. 1995 च्या दुरुस्तीनंतर दावेदार राहतो तिथल्या आयुक्ताकडेही अर्ज करता येत असे. म्हणजे मॅनिंग एजंटची (जहाजासाठी भरती करणाऱ्या एजंटची) कचेरी मुंबईत असली, तरी बडोद्याच्या जहाजीने दर तारखेला मुंबई गाठलीच पाहिजे असे नव्हते. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात न दिल्यास 12 टक्के व्याज लागत असे, आणि उशिराला समर्थन नसल्यास रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही होत असे.