आयर्विनचे फूट आणि कुलपातला नकाशा

पावसाळ्यात सांगलीला फोन लावला की खुशालीच्या आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णा फुटांत मोजतात: ४० ला इशारा, ४५ ला धोका. आकडा कळला की सूर्यवंशी प्लॉटात काय झालं असेल आणि मारुती चौकाचं काय होणार, हे जुनी माणसं नकाशा न बघता सांगतात.

बघायचा म्हटला तरी नकाशा सहज मिळत नव्हताच. देशाचे नकाशे काढणारी सरकारी संस्था सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ ची, म्हणजे कंपनी सरकारची. मुलूख जिंकायचा आणि राखायचा तर तो आधी मोजायला हवा, या गरजेतून उभी राहिलेली. नकाशा ही लष्कराची वस्तू, हा समज स्वातंत्र्यानंतरही टिकला. सरहद्दीपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे, सामान्य माणसाला बंद. सह्याद्रीच्या आत दडलेलं कोयना धरणही या हिशेबाने किनाऱ्यालगतच!

कुलूप सैल झालं ते २००५ च्या मे महिन्यात. राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्कराच्या शीट वेगळ्या काढल्या आणि लोकांच्या वेगळ्या. त्याच पावसाळ्यात सांगलीत महापूर आला. डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्यातून एनडीआरएफ हे आपत्तीतलं बचाव दल उभं राहिलं, तेही गृह मंत्रालयाखाली. म्हणजे पुराचं पाणीही देशाची अंतर्गत सुरक्षा सांभाळणाऱ्या खात्याकडेच.

पुढचा धक्का समुद्राकडून. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे जीपीएस घेऊन आले होते. २० एप्रिल २००९ ला इस्रोने रिसॅट-२ हा उपग्रह घाईने सोडला. तो रडारवाला, म्हणजे स्वतः लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र काढणारा, त्यामुळे रात्र असो वा ढग, त्याला सारखंच. टेहळणीसाठी लागणारा हा गुण पुरातही तितकाच लागतो, कारण ऑगस्टात आमच्यावरचं आभाळ उघडं असतं कधी? साधा कॅमेरा वरून फक्त ढग टिपतो. २०१२ चा रिसॅट-१ तर शेती आणि आपत्तीच डोळ्यासमोर ठेवून बनवलेला. रडारच्या चित्रात संथ पाणी काळं दिसतं, कारण लहरी त्यावरून पलीकडे घसरतात, परत येत नाहीत. २०१९ ला आयर्विनचं पाणी ५७ फुटांवर गेलं. असा पूर वरून पाहिला तर काळा डाग कुठवर पसरलाय ते कळतं, कुठे कमरेइतकं आणि कुठे माडीपर्यंत, ते नाही.

त्यासाठी जमिनीची उंची हवी. सांगली ज्या ४७ एल शीटांत येते, त्या १:५०,००० मापाच्या नकाशांवर दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत) उंचीचं साधारण २० मीटर अंतर, म्हणजे ६५ फूट. आयर्विनचा सगळा महापूर दोन रेषांच्या मधे मावतो. वर्षानुवर्षं जे जपून ठेवलं, त्यात आम्हाला हवं ते नव्हतंच.

केंद्र सरकारच्या नकाशांविषयीच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांची आणि संस्थांची परवान्याची कटकट संपवली. परदेशी कंपन्यांना मात्र उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक माहिती थेट बाळगता येत नाही. ३ मीटर म्हणजे जवळपास १० फूट. आयर्विनला ४० आणि ५० यांत किती घरं येतात, ते गावभागातलं पोरही सांगेल.