वांद्रिंग्सलेड (स्वीडनमधील पदभ्रमणाच्या वाटा)

वांद्रिंग्सलेड : स्वीडनच्या जंगलांतून, कुरणांतून आणि शेतांच्या कडेने जाणारी, खुणा करून राखलेली लांब पल्ल्याची पायवाट. स्वीडिश भाषेत ‘स्तीग’ म्हणजे माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी आपोआप पडलेली वाट, तर ‘लेड’ म्हणजे कुणीतरी ठरवून आखलेली वाट. वाटांच्या नावांच्या शेवटी येणारे ‘लेडेन’ हे या दुसऱ्या शब्दाचेच रूप. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जंगलातली लेड कितीही प्राचीन वाटली तरी दक्षिण आणि मध्य स्वीडनमधल्या बहुतेक लेड १९७० च्या दशकात किंवा त्यानंतर जन्मल्या. त्यांच्याखाली असलेल्या स्तीग मात्र कित्येक शतकांच्या आहेत.

बाहेरच्या जगाला स्वीडनमधली एकच वाट माहीत असते, ती म्हणजे उत्तरेच्या पर्वतांतली कुंग्सलेडेन, अर्थात राजवाट. ती देखणी आहे यात शंका नाही. पण स्वीडिश माणसाच्या रविवारच्या चालण्याशी तिचा फारसा संबंध नाही. त्याची वाट बस थांब्यापासून किंवा भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून सुरू होते, दोनतीन तळ्यांना वळसा घालते आणि संध्याकाळी त्याला घरी आणून सोडते. या देशाचा ग्रामीण इतिहास वाचायचा तर तो या साध्या वाटांवरच वाचता येतो.

आलेमान्स्रेत्तेन

या वाटा बहुतांशी दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवरून जातात. स्वीडनमधील उत्पादक जंगलांपैकी सुमारे निम्मी जंगले खासगी व्यक्तींच्या आणि कुटुंबांच्या मालकीची आहेत. तरीही चालणाऱ्याला कुणी अडवत नाही, याचे कारण ‘आलेमान्स्रेत्तेन’, शब्दशः ‘सर्वांचा हक्क’. जुन्या रूढीतून आलेला हा हक्क १९९४ मध्ये स्वीडनच्या राज्यघटनेत नोंदवला गेला; पण घटनेत तो फक्त मान्य केला आहे, त्याची व्याख्या केलेली नाही. तो नेमका कुठे संपतो हे मालमत्ता, निसर्गसंरक्षण, शिकार, वाहने अशा विषयांवरच्या वेगवेगळ्या कायद्यांवरून आणि मुख्यतः समंजसपणावरून ठरते.

या हक्काने कुणालाही दुसऱ्याच्या रानातून चालता येते, तळ्यात पोहता येते, एखादी रात्र तंबू ठोकून राहता येते. ब्लूबेरी, लिंगनबेरी आणि खाण्याजोग्या अळंब्या गोळा करता येतात. घराच्या अंगणात आणि घराभोवतीच्या खासगी हद्दीत मात्र शिरायचे नाही. ही हद्द किती मीटरची हे कुठेही लिहिलेले नाही. घरातल्या माणसाला आपल्याकडे कुणी टक लावून पाहते आहे असे वाटू नये इतके अंतर ठेवायचे. उभ्या पिकातून जायचे नाही, गुरांच्या कुंपणाचे फाटक उघडले तर लावून घ्यायचे, जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. उघड्या कातळावर शेकोटी पेटवायची नाही, कारण तापलेला खडक तडकतो आणि तो व्रण कायम राहतो. राष्ट्रीय उद्यानांचे आणि अभयारण्यांचे नियम याहून वेगळे आणि अधिक कडक असतात. हे सगळे शाळेतल्या मुलांना चार शब्दांत शिकवले जाते: त्रास नको, नासधूस नको.

हक्क सर्वांचा म्हणजे विनामूल्य, आणि विनामूल्य गोष्टीवरून भांडण होतेच. बेरी व्यापारासाठी तोडल्या तरी त्या याच हक्कात मोडतात. त्यासाठी दर उन्हाळ्यात थायलंडहून मजूर येत आले आहेत, आणि अनेक जमीनमालकांना ते खटकत आले आहे. एकट्यादुकट्याने चाललेल्या माणसाविषयी बहुधा कुणाची तक्रार नसते. आखलेली लेड शेकडो माणसे आणते तेव्हा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच आलेमान्स्रेत्तेन असला तरी लेड आखताना, फळकुटे टाकताना, झाडावर रंग फासताना जमीनमालकाची संमती घ्यावी लागते.

वाटा कशा आल्या

चालण्याचा छंद आधी शहरी सुशिक्षितांचा होता. १८८५ मध्ये उप्साला येथे स्वीडिश पर्यटन संघ (स्वेन्स्का तुरिस्तफोरेनिंगेन) स्थापन झाला आणि त्याने पर्वतांत मुक्कामाच्या झोपड्या बांधायला सुरुवात केली. किरुनाचे लोहखनिज नॉर्वेतील नार्विक बंदरात नेणारा लोहमार्ग १९०३ च्या सुमारास पूर्ण झाल्यावर उत्तरेच्या पर्वतांतले आबिस्को एकदम जवळ आले, आणि राजवाटेची कल्पना त्या लोहमार्गामुळेच व्यवहारात आली. १९०९ मध्ये स्वीडनने नऊ राष्ट्रीय उद्याने एकदम जाहीर केली. युरोपातली ती पहिली. आबिस्को त्यांपैकी एक.

सामान्य कामगाराला चालायला वेळ मिळाला तो मात्र १९३८ च्या कायद्याने. त्याने दोन आठवड्यांची पगारी रजा सर्वांना दिली. पुढे मोटारी आल्या, शहरे वाढली. बैठ्या कामाच्या काळात लोकांना घराजवळ चालता आले पाहिजे या विचाराने १९७० च्या दशकात प्रांतांनी, नगरपालिकांनी आणि हौशी मंडळांनी वाटा आखायचा सपाटा लावला. आज स्वीडनमधल्या अनेक प्रांतांच्या नावाची लेड आहे.

वाटेवर

खुणेसाठी बहुतेक ठिकाणी नारिंगी रंग वापरतात: झाडाच्या खोडाभोवती रंगाचा पट्टा, झाड नसेल तिथे खांब किंवा दगड. दलदलीवर लांबच लांब फळ्या टाकलेल्या असतात, त्यांना ‘स्पॉंग’ म्हणतात. पावसात त्या साबणासारख्या निसरड्या होतात आणि स्वीडनच्या सखल भागातले सगळ्यात फसवे चालणे बहुधा यांच्यावरचेच. दगडी गडगा किंवा तारेचे कुंपण ओलांडायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली लाकडी शिडी असते. दर काही किलोमीटरवर तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा असा लाकडी निवारा लागतो. समोर चुलवण, कधी फोडून ठेवलेली लाकडे, थोड्या अंतरावर कोरडा संडास. निवारा फुकट, राखून ठेवता येत नाही. आधीच कुणी येऊन बसले असेल तर सरकून जागा करून देतात. कडेकपारी चढायची सवय असलेल्या सह्याद्रीतल्या ट्रेकरला या वाटा सुरुवातीला सपाट वाटतील. दमवतात ती ओली मुळे, गोटे आणि अंतर.

जंगल निर्मनुष्य दिसते, पण ते एकेकाळी तसे नव्हते. वाटेच्या कडेला पाइनच्या दाटीत मध्येच लायलॅकचे झुडूप किंवा सफरचंदाचे वाकडे झाड दिसले की तिथे थांबून जमिनीकडे पाहावे. शेवाळाखाली चौकोनी पाया असतो, एका कोपऱ्यात चुलीच्या दगडांचा ढीग असतो. ही ‘टॉर्प’ची जागा. टॉर्प म्हणजे मोठ्या जमीनदाराच्या रानात कुळाला मिळालेले छोटे घर आणि तुकडाभर शेत. मोबदल्यात कुळाने जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचे. १८२७ च्या जमीन फेरवाटपाच्या कायद्याने अनेक जुनी गावे मोडली. शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र केल्या गेल्या आणि घरे उचलून ज्याच्या त्याच्या शेतात नेली गेली. गावातून चर्चला, गिरणीला, शेजारच्या वस्तीला जाणाऱ्या वाटांची गरज हळूहळू ओसरली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांपर्यंत बारा-तेरा लाख स्वीडिश माणसे देश सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. गोट्यांनी भरलेल्या स्मोलांड प्रांताने यांतली फार मोठी संख्या पुरवली. तिथल्या जंगलांत आज दिसणारे दगडी गडगे आणि शेतातून वेचलेल्या गोट्यांचे ढीग हे त्या माणसांच्या श्रमाचे अवशेष. आता त्यांच्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड उभी आहे.

प्रमुख वाटा

सर्मलांड्सलेडेन ही स्टॉकहोमजवळची वाट एकूण सुमारे १,००० किमी लांबीची आहे. तिचा आरंभ ब्यॉर्कहागेन या भुयारी रेल्वेच्या स्थानकापाशी होतो. स्टॉकहोममध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसालाही घरातून निघून तासाभरात नाका अभयारण्याच्या तळ्यांपाशी पोहोचता येते. पुढे ती सर्मलांडच्या जुन्या जहागिरींच्या मुलखात शिरते. इथे ‘स्टाटारे’ राहत: वर्षाच्या कराराने बांधलेले, मजुरीचा मोठा भाग धान्यादुधाच्या रूपात घेणारे शेतमजूर. ही पद्धत १९४५ मध्ये संपली.

बेर्यस्लाग्सलेडेन उत्तरेच्या क्लोटेनपासून टिवेडेनच्या जंगलाजवळच्या स्टेनशेलेगोर्डेनपर्यंत सुमारे २८० किमी जाते. तिचे १७ टप्पे आहेत. अठराव्या शतकात स्वीडनचे लोखंड युरोपभर जात होते, आणि ते वितळवायला लागणारा कोळसा या जंगलांत पाडला जाई. लाकडाची रास रचायची, तिच्यावर माती आणि पालापाचोळा लिंपायचा आणि आतून ती मंद धुमसत ठेवायची. आग भडकली तर सगळे श्रम राखेत. त्यामुळे कोळसा पाडणारा माणूस रात्रंदिवस, कित्येक आठवडे भट्टीजवळच्या मातीने झाकलेल्या झोपडीत काढी. पीठ, पाणी, मीठ आणि खारवलेले डुकराचे मांस एवढ्यावर तो ‘कूलबुल्ले’ नावाची जाड धिरडी भाजत असे. ती आजही वाटेवरच्या शेकोट्यांवर हौसेने केली जातात. भट्ट्यांच्या जागा ओळखणे सोपे आहे: जंगलात उगाच दिसणारे गोल सपाट वर्तुळ आणि बुटाने उकरले की निघणारी काळी माती.

अगदी दक्षिणेची स्कोनेलेडेन ही एक वाट नसून सहा वाटांचे जाळे आहे. स्कोने हा प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता आणि चालताना तसे जाणवते: ‘बीच’ या पानझडी झाडाची जंगले, उघडी शेते, पांढऱ्या भिंतींची चर्चे. सदरोसेन राष्ट्रीय उद्यानातल्या दऱ्या मे महिन्यात, बीचला कोवळी पालवी फुटते तेव्हा, पाहाव्यात. ऑस्टरलेन भागातली शाखा किविकच्या सफरचंदांच्या बागांजवळून आणि समुद्राकाठाने जाते आणि कोसेबेर्या येथील आलेस स्टेनारला पोहोचते. तिथे समुद्रावरच्या टेकडीवर ५९ मोठे दगड जहाजाच्या आकारात, ६७ मीटर लांबीत उभे केलेले आहेत.

मध्य स्वीडनमधल्या दालार्ना प्रांतात वाटा जुन्या ‘फेबूद’वरून जातात. फेबूद म्हणजे उन्हाळ्यात गुरे घेऊन रानात राहायची वस्ती. तिथला कारभार प्रामुख्याने बाया आणि मुली पाहत. लांब गेलेल्या गाईंना बोलावण्यासाठी त्या ‘कूलनिंग’ नावाची उंच, टिपेची साद घालत. स्वीडन आणि नॉर्वेतली ही उन्हाळी वस्तीची परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. बॉथनियाच्या आखातावरची हेगा कुस्टेनलेडेन सुमारे १३० किमीची. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यावर इथली जमीन वर येऊ लागली आणि आजही वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर वर येतेच आहे, म्हणून समुद्राचे जुने गोटेरी किनारे थेट डोंगरावर दिसतात.

उरली कुंग्सलेडेन. आबिस्को ते हेमावान, सुमारे ४४० किमी. शेक्ट्या खिंडीत ती १,१५० मीटरची उंची गाठते. हा सामी या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचा, त्यांच्या रेनडिअरच्या कळपांचा मुलूख आहे, त्यामुळे कळप समोर आला तर वाट सोडून थांबायचे. वाटेत तळी आडवी येतात आणि ती ओलांडायला वल्ह्यांच्या होड्या ठेवलेल्या असतात: एकूण तीन. नियम असा की दोन्ही काठांवर नेहमी किमान एक होडी राहिली पाहिजे. तुमच्या काठावर दोन होड्या असतील तर नशीब. एक घेऊन जायचे. एकच असेल तर ती वल्हवत पलीकडे जायचे, तिथली एक होडी मागे बांधून परत यायचे, ती इथे ठेवायची आणि तिसऱ्यांदा पाणी ओलांडायचे. सितोयाउरे तळ्यावर हे अंतर ४ किमीचे आहे, म्हणजे वारे पडलेले असले तरी १२ किमी वल्हवणे. पाहायला कुणी नसते. मागून येणारा माणूस काठावर अडकू नये एवढ्यासाठी हे करायचे, आणि लोक करतात. आलेमान्स्रेत्तेनवरची पुस्तके वाचण्यापेक्षा हा एक नियम समजून घेतलेला बरा.

निगा आणि अडचणी

उत्तरेच्या पर्वतांतल्या मुख्य वाटांची देखभाल सरकारी खर्चाने होते. सखल भागात हे काम नगरपालिका आणि स्वयंसेवक वाटून घेतात. दर वर्षी पडलेली झाडे कापायची, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, रंग पुन्हा द्यायचा. त्यात सगळ्यात मोठा अडथळा सरसकट वृक्षतोडीचा. मालक आपले जंगल कापू शकतो. कायद्याने त्याला नंतर नवे जंगल उभे करावे लागते, वाटेवरच्या खुणा नव्हे. कालपर्यंत खोडावर असलेला नारिंगी पट्टा आज ओंडक्यांच्या ढिगात असतो. यंत्रांच्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि वाट उघड्या, खुंटांनी भरलेल्या रानात हरवते.

चालायचा हंगाम दक्षिणेत एप्रिल ते ऑक्टोबर, पर्वतांत जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, पण डास भरपूर. कोरड्या उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी येते आणि ती आलेमान्स्रेत्तेनच्या वर असते. १ मार्च ते २० ऑगस्ट या काळात वन्यप्राण्यांच्या पिलांसाठी कुत्रा मोकळा सोडता येत नाही. खरा धोका अस्वलाचा नसून गोचिडीचा आहे: तिच्यातून लाइम रोग आणि मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो. या मेंदूज्वरावर लस आहे आणि स्टॉकहोमच्या परिसरात ती घेण्याची पद्धत रूढ आहे. लाइमवर लस नाही, म्हणून पायमोज्यात पॅंट खोचायची आणि संध्याकाळी अंग तपासायचे. मूस या मोठ्या हरणाची शिकार उत्तरेत सप्टेंबरच्या सुरुवातीला, दक्षिणेत ऑक्टोबरमध्ये सुरू होते. वाटा तेव्हा बंद होत नाहीत. शिकारी नारिंगी टोप्या घालतात आणि चालणाऱ्यांनीही त्या आठवड्यांत तसेच भडक काही घालावे, अशी अपेक्षा असते.