इसब

इसब हे त्वचेच्या वरच्या थरांच्या दाहामुळे होणाऱ्या अनेक विकारांचे समूहवाचक नाव आहे. खाज हे त्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. त्याचे ‘एक्झिमा’ हे प्रचलित नाव ‘उकळून वर येणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले असून, नव्या इसबात लालसर त्वचेवर उठणाऱ्या आणि फुटून लस गळणाऱ्या बारीक पुटकुळ्या पाहिल्या की ते सार्थ वाटते. विकार जुना झाला की सततच्या खाजवण्याने कातडी जाड व काळपट होते आणि तिच्यावरील रेघा खोल दिसू लागतात.

इसब स्पर्शाने पसरत नाही. बोलण्यात मात्र खाजऱ्या चट्ट्याला सरसकट इसब किंवा गजकर्ण म्हटले जाते, आणि हा घोटाळा रुग्णाला महागात पडतो. कारण गजकर्ण हा बुरशीचा आणि खरूज हा त्वचेत बिळे करणाऱ्या माइट या सूक्ष्म किड्याचा संसर्ग असून दोन्ही घरातल्या इतरांना होऊ शकतात. सोरायसिस हाही दाहजन्य व असंसर्गजन्य विकार आहे, परंतु त्याचे रुपेरी खवल्यांचे, स्पष्ट कडांचे चट्टे बहुधा कोपर व गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूस आणि डोक्यावर उठतात.

लहान मुलांत आढळणारा, ॲलर्जीच्या आनुवंशिक प्रवृत्तीशी निगडित अ‍ॅटॉपिक इसब तान्हेपणी गालांवर आणि पुढे कोपर-गुडघ्यांच्या आतल्या घड्यांत दिसतो. पुष्कळदा कुटुंबात दमा किंवा ॲलर्जिक सर्दी असते. त्वचेचा बाहेरचा थर घट्ट ठेवण्यास मदत करणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा या विकाराशी असलेला संबंध 2006 मध्ये दाखवला गेला. हा दोष सर्व रुग्णांत नसतो. तरीही त्वचेच्या बाहेरच्या थराचा हा अडथळा दुबळा झाला की ओलावा उडून जातो, क्षोभक पदार्थ आत शिरतात आणि प्रतिकारयंत्रणा चेतवली जाते, हे समजल्यामुळे साध्या मलमाचे महत्त्व वाढले.

स्पर्शजन्य इसबात कारण बाहेर असते आणि ते रुग्णाच्या दिनक्रमात शोधावे लागते. गवंड्याच्या हातांवर सिमेंटमधील क्रोमियम, कानाच्या पाळीवर खोट्या दागिन्यांतील निकेल, तर कपाळावर टिकलीचा डिंक कारणीभूत ठरतो. बिब्बा उतल्यावर येणारे फोड आणि काजूच्या टरफलातील तेलाने कामगारांच्या हातांना होणारा दाह यांचे मूळ एकाच वनस्पतिकुलातील परस्परसदृश रसायनांत आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता गाजरगवताचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती 1950 च्या दशकात पुणे परिसरात नोंदली गेली. आयात गव्हाबरोबर तिचे बी आले असे मानले जाते. तिच्यातील पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी जडलेल्या माणसाला गवत हाताळावेही लागत नाही: वाळलेल्या भागांची धूळ वाऱ्याने येऊन पापण्या, चेहरा, मान आणि कोपरांच्या घड्यांत बसते. काही शेतकऱ्यांत पुढे उन्हाचाही त्रास सुरू होतो, आणि रोजचे शेत हेच रोगाचे कारण असल्याने ‘संपर्क टाळा’ हा सल्ला पाळणे त्यांना जवळजवळ अशक्य असते. निदानासाठी पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून पॅच चाचणी करतात.

उपचारात त्वचा सतत स्निग्ध ठेवणे, कारण टाळणे आणि दाहशामक मलम लावणे यांना प्राधान्य असते. स्टेरॉइड मलमे 1952 पासून वापरात आहेत. तीव्र अ‍ॅटॉपिक इसबासाठी डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत 2017 मध्ये मान्य झाले. भारतात स्टेरॉइड व बुरशीनाशक यांची मिश्र मलमे दुकानातून चिठ्ठीविना घेतली जातात, ही गंभीर बाब आहे. त्यांनी गजकर्णाची खाज तात्पुरती शमते, पण बुरशी फैलावते आणि दीर्घ वापराने कातडी पातळ पडते. उलट काही पालक स्टेरॉइडच्या धास्तीने मुलाला डॉक्टरांनी दिलेले मलमही पुरेसे लावत नाहीत, आणि खाजेने त्याची झोप मोडत राहते. मात्रेचे माप सोपे आहे: प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतके ट्यूबमधून काढलेले मलम दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते.