स्टिअरिंगखालचं कव्हर आणि ‘टक’ असा आवाज

इग्निशन लॉक किंवा दिव्यांचा स्विच बदलून झाला, की स्टिअरिंग कॉलमची दोन प्लास्टिकची कव्हरं परत बसवायची उरतात. मुख्य काम झालं म्हणून इथे घाई होते आणि क्लिप मोडतात.

क्लिप म्हणजे एका टोकाला कव्हरशी जोडलेली, दुसऱ्या टोकाला आकडा असलेली पातळ पट्टी. दाबल्यावर आकड्याचा उतार समोरच्या कडेवरून घसरतो, पट्टी वाकते आणि आकडा खाचेत पोहोचताच सरळ होते. ‘टक’ असा आवाज येतो तो तेव्हाच. नीट बसलेल्या क्लिपवर ताण जवळजवळ उरत नाही. अर्धवट बसलेली मात्र वाकलेलीच राहते, हळूहळू तोच आकार धरते आणि पकड सुटत जाते. मग खडखड सुरू होते.

पट्टी जेवढी आखूड, तेवढा तिच्या मुळाशी ताण जास्त, आणि तो लांबीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. तेवढंच वाकायचं असेल तर निम्म्या लांबीच्या क्लिपला चौपट ताण सोसावा लागतो. कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं असेल तर 0 अंश सेल्सिअसच्या आसपास ते ठिसूळ होऊ लागतं. कडाक्याच्या थंडीत आधी गाडी आतून गरम करून घ्या.

दोन्ही कव्हरं मिटण्याआधी आत एकदा डोकावून पाहा. कडेत वायर चिमटली तर तिचं वेष्टन सोलतं. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात; तिथे तर अजिबात हयगय नको.

आता स्क्रू. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू पहिल्यांदा आपले आटे स्वतः पाडतो. दुसऱ्यांदा तो त्याच आट्यांत गेला पाहिजे, नाहीतर नवे आटे जुन्यांना छेदतात आणि भोकाची भिंत कमजोर होते. यावरची युक्ती मला फार आवडते: स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा, म्हणजे सोडवायच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. एका जागी तो किंचित खाली पडल्याचं बोटांना जाणवतं. जुना आटा तिथेच सुरू होतो. तिथून सरळ फिरवा आणि कव्हर टेकलं की थांबा. पॉवर स्क्रूड्रायव्हर वापरू नका, हाताला कळतं ते त्याला कळत नाही.

शेवटी कॉलम वरखाली करून पाहा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. कुठे घासल्याचा आवाज आला, तर एखादी क्लिप अजून बसायची राहिली असेल.